सही करा, पण आधी निवेदन बदला

प्रश्न : सा. न. वि. वि. लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत आमचं शिवणसामानाचं दुकान आहे. अस्तर, लेस, बटणं, चेन, फॉल. खाली दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर घर. इमारत जुनी, पार्किंग नाही. घरच्या दोन स्कूटर आणि एक कार, तिन्ही रस्त्यावरच. आमच्या भागात ‘पे अँड पार्क’ येणार अशी चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. व्यापाऱ्यांच्या बैठकीत ठरलं की विरोधाचं निवेदन द्यायचं आणि नाही ऐकलं तर एक दिवस दुकानं बंद ठेवायची. सासरे गेली कित्येक वर्षं त्या मंडळींत आहेत, पहिली सही त्यांचीच. कागद माझ्यापुढे आला तेव्हा माझा हात अडला. दिवसभर गल्ल्यावर मी बसते. “गाडी लावायला जागाच नाही, दोन चकरा मारल्या, पुढच्या वेळी येते” असे गिऱ्हाइकांचे फोन मीच घेते. पण पैसे लागले तर हीच गिऱ्हाइकं उपनगरातल्या दुकानात जातील किंवा मोबाइलवर मागवतील, ही धास्तीही आहे. शिवाय राहतो त्याच दारात आम्ही पैसे भरायचे का? सही करू का? आणि सासऱ्यांना काय सांगू?
– गल्ल्यावरची सून, पुणे

उत्तर :

ताई, सही करा. मात्र आज तुमच्यापुढे आहे त्या कागदावर नको. ‘पार्किंग शुल्क रद्द करा’ एवढंच म्हणणारं निवेदन महापालिकेत रोज येतं आणि आवक नोंद होऊन फायलीत जातं. तुमच्या पेठेचं भलं-बुरं ज्यावर ठरणार आहे ती गोष्ट वेगळी आहे. त्याकडे येतेच, पण आधी तुमच्या दारासमोर काय उभं आहे ते पाहू.

उद्या दुकान उघडताना आणि पुढे दर तासाला, तुमच्या दुकानापासून दोन्ही बाजूंच्या दहा-दहा दुकानांपर्यंत उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे वहीत लिहा. एक साधा दिवस घ्या आणि एक शनिवार. फार वेळ जात नाही. दुकानातला पोरगा दहा मिनिटांत करून येईल. संध्याकाळी ती वही चाळलीत की सकाळी पावणेअकराला दिसलेले बरेचसे नंबर सहा वाजताही तिथेच सापडतील, असा माझा कयास आहे. त्या गाड्या कुणाच्या हे तुम्हाला विचारावंही लागणार नाही. चौथ्या दुकानाच्या मालकांची, समोरच्या सराफाकडच्या कामगारांची, वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या सरांची आणि, रागावू नका, तुमच्या घरातल्या दोन स्कूटर. सम-विषम तारखेला पी-वनवरून पी-टूवर, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जायचं एवढीच काय ती त्यांची दिवसभरातली हालचाल. गिऱ्हाइकाची जागा गिऱ्हाइकाने अडवलेली नसते.

दुकानदारांचा याबाबतीत अंदाज चुकतो, आणि तो फक्त पुण्यात चुकतो असं नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 मध्ये बाजारात पाहणी झाली. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण कारने येतात, असं दुकानदारांना विचारलं तर सरासरी उत्तर आलं 41 टक्के. गिऱ्हाइकांनाच विचारल्यावर आकडा निघाला 22 टक्के. पुण्यात कारऐवजी दुचाकी म्हणा, पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला जे गाडीवाले ओरडून तक्रार करतात तेच जास्त आठवतात, हे इथेही खरं आहे. जी बाई मंडईच्या मेट्रो स्टेशनवर उतरून पिशवी घेऊन चालत येते ती पार्किंगबद्दल काही बोलत नाही, म्हणून ती मोजणीत येत नाही. सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटची मेट्रो मंडईखालून धावते आहे. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणी तशा येतात, हेही त्याच वहीत एका पानावर लिहा. बिल करताना नुसतं विचारायचं, “कशा आलात?”

आता हिशेब. एका कारला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास 135 चौरस फुटांच्या गाळ्याचं महिन्याचं भाडं काय आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. तेवढी जागा महापालिका आज फुकट देते आहे, आणि देते आहे ती जो सकाळी पहिला आला त्याला. त्याच जागेत चार-पाच दुचाकी मावतात. एक दुचाकी दिवसभर उभी राहिली तर त्या जागेतून एक माणूस आला. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईक थांबतं किती? ब्लाउजपीस काढायचं, अस्तराच्या थानाला लावून बघायचं, दारात उजेडात नेऊन पुन्हा बघायचं, लेस मोजून घ्यायची. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. दहा तासांच्या दिवसात दुचाकीच्या त्या एका जागेवर वीस गिऱ्हाइकं येऊन जाऊ शकतात. साडीच्या दुकानाचं गणित वेगळं, लग्नाचा बस्ता तीन-चार तास चालतो. त्यांना मंडईजवळचे वाहनतळ बरे. तुमच्यासारख्या छोट्या खरेदीच्या दुकानाला मात्र दारातली जागा सतत मोकळी होत राहण्यात सगळ्यात जास्त फायदा आहे. सराफ, साडीवाले आणि तुम्ही एकाच निवेदनावर सही करता आहात, पण तुमचं हित एक नाही. बैठकीत हे कुणी बोललं का?

या विषयात ज्यांनी आयुष्य घातलं ते कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप (2025 मध्ये ते गेले) एक साधी कसोटी सांगत. दर इतका असावा की प्रत्येक गल्लीत कधीही एक-दोन जागा मोकळ्या सापडाव्यात. सगळ्या भरलेल्या असतील तर दर कमी आहे, रस्ता ओस असेल तर जास्त आहे. त्यांचं आवडतं उदाहरण कॅलिफोर्नियातल्याच पासाडेना शहरातल्या जुन्या बाजारपेठेचं. तिथे 1993 मध्ये मीटर बसवायचे ठरलं तेव्हा व्यापारी तुमच्या मंडळींसारखेच विरोधात होते, आणि गंमत म्हणजे रस्त्यावर दिवसभर उभ्या असणाऱ्या बऱ्याच गाड्या त्यांच्याच आणि त्यांच्या नोकरांच्या होत्या. शेवटी नगरपालिकेने कबूल केलं की मीटरचा पैसा याच बाजारपेठेवर खर्च होईल : पदपथ, दिवे, झाडं, मागच्या बोळांची सफाई. तेव्हा व्यापारी राजी झाले. तासाला एक डॉलर दर लागला आणि मोडकळीला आलेली ती पेठ सावरली. फक्त मीटरमुळे सावरली असं मी म्हणणार नाही, बाजारपेठा इतक्या सरळ नसतात. पण व्यापाऱ्यांनी पैशाच्या बदल्यात काय मागितलं ते लक्षात ठेवा.

तुमची धास्ती अशी की दोन-चार रुपयांसाठी गिऱ्हाईक पळेल. मला तसं वाटत नाही. दोनशे रुपयांचं अस्तर आणि लेस घ्यायला सिंहगड रस्त्यावरून आलेली बाई पेट्रोल आणि वेळ घालवून आलेली असते. ती दोन रुपयांसाठी परत जात नाही. ती परत जाते ते तिसऱ्या चकरेनंतर. आणि दुसऱ्या एका गोष्टीने ती कायमची जाते. दराचा फलक कुठेही नाही, खिशात पावतीपुस्तक असूनही माणूस पावती देत नाही, पाचच्या जागी वीस मागतो, सुटे नाहीत म्हणतो आणि आवाज चढवतो. त्या दिवशी तिच्या मनात तुमचं दुकान आणि ती अरेरावी एकत्र बसते. पे अँड पार्कने बाजार मारला असं लोक म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा या माणसाबद्दल बोलत असतात, शुल्काबद्दल नाही.

म्हणून ताई, भांडायचं ते ठेक्याच्या अटींवर. निवेदनाचा सगळा जोर तिथे हवा.

वसुलीचं काम देण्याच्या ढोबळ दोन रीती आहेत. एकीत ठेकेदार वर्षाची ठरावीक रक्कम बोलीने महापालिकेला देतो आणि वर जे जमेल ते त्याचं. या रीतीत त्याचं हित उघड आहे. आखलेल्या पन्नास जागांत सत्तर गाड्या कोंबायच्या, पदपथावरही चढवायच्या, पिवळ्या पट्ट्याबाहेर लावलेल्याकडूनही घ्यायचे, पावती शक्यतो फाडायची नाही. गल्लीत गाड्यांची दुहेरी रांग लागली तरी त्याला चांगलंच, आणि महापालिका विचारत नाही, कारण तिचा आकडा आधीच तिजोरीत पडलेला असतो. दुसऱ्या रीतीत जमा झालेला सगळा पैसा थेट महापालिकेच्या खात्यात जातो आणि ठेकेदाराला कामाचा ठरावीक मोबदला मिळतो. पावती मशीनवर किंवा मोबाइलवर निघते, वेळ छापलेली असते, तक्रारी आल्या तर मोबदल्यातून कपात होते. ही रीतही काही सोवळी नाही, पण निदान जास्त गाड्या कोंबण्यात कुणाचा नफा राहत नाही. मी तुमच्या जागी असते तर निवेदनातली पहिली मागणी हीच लिहिली असती : बोलीचा ठेका नको, आणि ठेक्याचा मसुदा निविदा निघण्याआधी व्यापारी आणि रहिवाशांना दाखवा.

त्याखाली बाकीचं येतं. दर तासाऐवजी अर्ध्या तासाने मोजा, म्हणजे अस्तराच्या गिऱ्हाइकाला बस्त्याच्या गिऱ्हाइकाचा भार पडणार नाही. (‘पहिली वीस मिनिटं मोफत’ ही मागणी बैठकीत टाळ्या घेते, पण एकोणिसावं मिनिट कुणी मोजायचं यावरच रोज हातघाई होईल. मी ती मागणार नाही.) प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दराचा मराठी फलक. टेम्पो आणि हातगाडीने माल उतरवायला सकाळची ठरलेली वेळ आणि राखीव जागा, नाहीतर होजिअरीचा टेम्पो दुहेरी उभा राहणार आणि सगळं गणित कोसळणार. अपंगांच्या वाहनांना दुकानांजवळ जागा. आणि गणेशोत्सव! मंडप पडले, विसर्जन मिरवणुकीसाठी रस्ता बंद झाला, की तेवढ्या दिवसांची ठेकेदाराला भरपाई मिळणार का, की मुदत वाढवून मिळणार, की काहीच नाही? हे आधी लिहून घेतलं नाही तर नंतर त्यावर वाद घालत बसावं लागतं.

एका माणसाबद्दल मात्र तुमच्या बैठकीत कुणी बोललं नसणार. तो दुकानातला मदतनीस. तो धनकवडीहून किंवा वडगावहून दुचाकीवर येतो, दहा तास थांबतो. समजा दुचाकीला तासाला 3 रुपये लागले तर दिवसाचे 30 आणि महिन्याच्या 26 दिवसांचे 780 रुपये. तुमच्या सासऱ्यांना ही रक्कम खटकणार नाही, त्याला खटकेल. शुल्काचा खरा फटका कुणाला बसत असेल तर तो इथे. त्याची गाडी दारातून हलायला हवी हे खरंच, पण हलून जाणार कुठे? मंडईजवळच्या वाहनतळांत पेठेतल्या कामगारांसाठी स्वस्त मासिक पास मागा, किंवा सरळ त्याच्या बसचा वा मेट्रोचा पास दुकानाने काढून द्या. पगारात धरा. दारातल्या एका जागेवर गिऱ्हाईक येऊ लागलं की तो खर्च निघून येईल.

आता तुमच्या कारचं. इथे मी थोडी कठोर होणार आहे. दारासमोरचा रस्ता घराचा भाग नाही. तो सार्वजनिक आहे, तुमच्याइतकाच धनकवडीच्या त्या मुलाचाही. ‘आमच्याच दारात पैसे का’ या प्रश्नाला माझ्याकडे तुम्हाला आवडेल असं उत्तर नाही. पण जुन्या पेठांतल्या इमारती बांधल्या तेव्हा गाड्या नव्हत्या आणि ही चूक तिथे राहणाऱ्यांची नाही, हेही खरं. पुण्यात रात्रीच्या पार्किंगला पैसे घ्यायची कल्पना पुढे आली तेव्हा जी ओरड झाली तिच्यामागे हेच होतं, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. वाजवी मागणी अशी : मिळकतकराच्या पावतीवर, किंवा भाडेकरू असेल तर भाडेकरारावर, दर घराला एका वाहनाचा सवलतीचा रहिवासी पास. दुसऱ्याला जास्त दर, तिसऱ्याला पूर्ण. भाडेकरू विसरू नका, पेठांत ते खूप आहेत आणि निवेदनं लिहिणारे बहुधा मालक असतात. पास म्हणजे ठरलेली जागा नव्हे, फक्त कमी दर, हे वरच्या मजल्यावरच्यांना आधीच समजावून ठेवा. तुमची कार आठवड्यातून किती वेळा निघते ते तुम्ही लिहिलेलं नाही. रविवारीच निघत असेल तर वाहनतळातला मासिक दर विचारून या.

‘हे आजवर चार वेळा आलं आणि बारगळलं, याही वेळी बारगळेल’ असं सासरे म्हणतील. त्यांचा अनुभव खोटा नाही. मार्च 2018 मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं. ‘आधी बससेवा सुधारा, मग पैसे मागा’ म्हणत इतका विरोध झाला की मोजक्या पाच रस्त्यांवर प्रयोग करून बघू असं ठरलं, आणि मग तो प्रयोगही वर्षानुवर्षं रेंगाळला. पण बारगळल्याने व्यापाऱ्यांना मिळालं काय? तेच रस्ते, तीच पी-वन पी-टूची कसरत, तोच टोइंगचा टेम्पो. धोरण नसलं की पार्किंगचा दर शून्य होत नाही. तो दंड होऊन येतो, आणि तो तुमच्या गिऱ्हाइकाला बसतो. मुंबईचं उलटं उदाहरणही त्यांना सांगा. जुलै 2019 मध्ये तिथल्या महापालिकेने 26 सार्वजनिक वाहनतळांच्या 500 मीटर परिसरात रस्त्यावर गाडी लावली तर 5,000 ते 23,250 रुपयांपर्यंत दंड लावला. जुन्या, पार्किंग नसलेल्या इमारतींतले लोक हवालदिल झाले आणि पुढे दंड खाली आणावा लागला. रहिवाशांशी आधी न बोलता वरून आलेला निर्णय असा असतो. पुण्यात तसं व्हायला नको असेल तर ‘नको’ म्हणून बाजूला बसण्यापेक्षा मसुदा ठरताना खोलीत असलेलं बरं.

तुमच्या सासऱ्यांशी मात्र घरात, जेवण झाल्यावर बोला. बैठकीत चारचौघांपुढे नको. ‘तुमचं निवेदन चुकलं’ असं सुरू करू नका. वही पुढे ठेवा आणि म्हणा, “पप्पा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत त्या गाड्यांचे हे नंबर. यात आपल्या दोन आहेत.” मग थांबा. जुन्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक परत गेल्याचं दुःख शुल्कापेक्षा मोठं असतं, ते त्यांना तुम्ही शिकवायची गरज नाही. पहिली सही त्यांची असल्यामुळे बदललेल्या निवेदनावरही पहिली सही त्यांचीच हवी, हे आवर्जून सांगा. बदल सुचवणारी सून आणि बदल मांडणारे सासरे, असं झालं तर मंडळी ऐकतील. ते ऐकले नाहीत तर तुम्ही स्वतंत्र निवेदन द्या, दुकानाच्या शिक्क्यासह, शेजारच्या पाच-सहा छोट्या दुकानांना बरोबर घेऊन. घरात दोन मतं असली म्हणून आभाळ कोसळत नाही. बंदच्या दिवशी दुकान उघडं ठेवून मात्र त्यांना तोंडघशी पाडू नका. एक दिवसाची विक्री तेवढी मोलाची नाही.

एक अवघड मुद्दा निवेदनात घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या रस्त्यावरच्या नव्या व्यापारी इमारतींपैकी किती इमारतींचं तळघर मंजूर नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात गोदाम आहे? हे विचारलंत तर बैठकीत शांतता पसरेल आणि चहा लवकर येईल. पण महापालिकेचे अधिकारी हे तुमच्यावर उलटवणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा.

पैशाचं शेवटचं. ‘जमा झालेल्या शुल्कातला ठरावीक हिस्सा याच पेठेत, पदपथ, स्वच्छतागृह आणि दिव्यांवर खर्च करा आणि त्याचा हिशेब दर सहा महिन्यांनी जाहीर करा’ हे वाक्य निवेदनात असू द्या. बाजारात खरेदीला येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह मागणारं व्यापाऱ्यांचं एखादं निवेदन तरी या शहरात निघू दे. पार्किंगपेक्षा त्याने तुमची गिऱ्हाइकं जास्त वेळ थांबतील, हे मी पैजेवर सांगते.

निवेदन क्षेत्रीय कार्यालयात द्या, दुसरी प्रत आयुक्तांच्या कार्यालयात, तिसरी वाहतूक पोलिसांकडे, कारण पार्किंग कुठे आणि कुठे नाही यात त्यांचा शब्द लागतो. प्रत्येक प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. ठेका दिला गेलाच तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून कराराची प्रत मागा आणि फाईल पाहायची परवानगीही मागा. कायद्यात निरीक्षणाची सोय आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची. करारातला दर आणि रस्त्यावरच्या पावतीवरचा दर जुळतो का, ते पहिल्याच आठवड्यात तपासा. पावत्या जपून ठेवायला तुमच्या दुकानात बटणांच्या रिकाम्या डब्या भरपूर असतील.